साळवे साहेबांची हंगेरी

आमच्या चारीच्या शेवटाकडच्या शेतकऱ्यांना हंगेरीतल्या तीन लेखकांची सगळी कुंडली तोंडपाठ आहे, असं मी माझ्या पुण्याच्या मेव्हण्याला सांगितलं तेव्हा तो हसला. तो मराठीचा प्राध्यापक. "दाजी, मला तिथल्या एकाचंसुद्धा नाव सांगता यायचं नाही," म्हणाला. मी म्हटलं, नाव आम्हालाही धड घेता येत नाही. पण कुणाचं पुस्तक कुणी अडवलं, कोण किती उशिरा छापून आला, कोण लिहायचं सोडून बसला, हे विचार. मेव्हण्याने विषय बदलला. विषय बदलण्यात तो पहिल्यापासून पटाईत आहे.

ही सगळी करणी गौतम साळवे साहेबांची. ते आमच्या येडगावच्या पाटबंधारे ऑफिसात अभियंता होते आणि मी त्यांच्या हाताखाली कालवा निरीक्षक. नव्वदच्या सुमाराला ते आमच्याकडे आले. मधे त्यांची घोडेगावला बदली झाली, पण चारीच्या शेवटाकडच्या लोकांनी वरच्या ऑफिसात जाऊन असा काही दंगा केला की साहेब परत येडगावला. तिथूनच ते निवृत्त झाले.

उंच, किडकिडीत माणूस. कॉलरचं बटण मे महिन्यातही लावलेलं, डोक्यावर काळी छत्री, बुडाखाली लुना. जीप असायची, पण ती ते वापरत नसत. जीपचा आवाज लांबून येतो आणि पाणीचोर सावध होतात असं त्यांचं म्हणणं. चहा बिनदुधाचा, त्यात लिंबू पिळलेलं. आमचा शिपाई पहिल्या दिवशी तो कप घेऊन माझ्याकडे आला आणि विचारू लागला, साहेबांचं पोट बिघडलंय का. खिशात एक छोटा चाकू असे, त्याने पेरू सोलायचे. पेरू कुणी सोलून खातं का? पण साहेब खात. हे सगळं ते बुडापेस्टला शिकून आले होते.

तरुणपणी सरकारी शिष्यवृत्तीवर ते जलशास्त्र शिकायला हंगेरीत गेले होते. आणे गावच्या पठारावरचं पोर, वडील दुसऱ्याच्या रानात कामाला. आधी वर्षभर भाषा शिकायची, मग कॉलेज. परदेशी मुलांना ती भाषा शिकवायला एक बाई होत्या. त्या खरं म्हणजे लेखिका. पण त्यांचं लिहिलेलं तिथलं सरकार छापू देत नव्हतं, म्हणून पोटासाठी मास्तरकी. धड्यांचं पुस्तक बाजूला ठेवून त्या आपल्याच न छापलेल्या गोष्टी फळ्यावर लिहायच्या आणि मुलांकडून वाचून घ्यायच्या. साहेब म्हणत, "मी त्यांचा पहिला वाचक. म्हणजे मी आणि एक क्यूबाचा मुलगा. पण तो डुलक्या घ्यायचा."

आता ही हंगेरी आमच्या टेलला कशी पोचली ते सांगतो. कालव्यातून चारी निघते, म्हणजे लहान पाट. चारीच्या तोंडाशी ज्याचं रान, त्याची चैन. शेवटाला, म्हणजे टेलला, पाणी पोचेपर्यंत वरच्यांनी बांध फोडून, पाइप टाकून, कसंही करून ओढून घेतलेलं असतं. नियम असा आहे की पाळी टेलपासून धरायची. शेवटच्याचं भिजलं की मग एकेक रान वर सरकायचं. हा नियम कागदावर सगळीकडे आहे. पाळलेला मात्र मी साळवे साहेबांच्याच चारीवर पाहिला.

एकदा तोंडाकडचे एक मोठे बागायतदार बुलेटवरून आले. "आमचा ऊस वाळतोय आन् तुमी खाली पाणी नेता व्हय?"

साहेबांनी छत्री मिटली. "तुमची पाळी शेवटी."

"शेवटी म्हंजी कवा?"

"शेवटी म्हणजे शेवटी."

त्यावर तो माणूस साहेबांच्या जातीवरून जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. माझं डोकंच फिरलं, मी पुढे झालो. साहेबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं आणि त्याला अगदी शांतपणे म्हणाले, "पाटील, मी आण्याचा. आमच्या पठारावर हे पाणी चढायचं नाही. ह्यातलं घागरभरसुद्धा मला घरी न्यायचं नाही. त्यामुळे मला वाटायला सोपं जातं." त्या माणसाने बुलेटला किक मारली आणि गेला. वर तक्रार केलीच त्याने, पण ती पुढे सरकली नाही.

साहेब टेलवरून हलले की वरचे दरवाजे उघडलेच म्हणून समजा. म्हणून पाळी चालू असली की ते दिवसभर टेलच्या जांभळाखाली बसून राहायचे, आणि बसलं की शबनममधून पुस्तक काढायचे. पाण्याची वाट बघणारे शेतकरीही तिथेच. त्यांत एक कोंडिबा होता. दोन एकराचा धनी, जुनाट खोकला, आणि जगातल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास न ठेवणारा. एक दिवस त्याने विचारलं, "सायेब, काय वाचता एवढं? पोथी हाय का?"

"कादंबरी आहे. हंगेरीची."

"मंग वाचा की मोठ्यानं. आमी काय नुसतं पाणी बघत बसायचं?"

अशी ती सुरुवात. साहेबांची पद्धत ठरलेली होती. आधी चार-सहा ओळी मूळ भाषेत मोठ्याने वाचायच्या. कुणाला एक शब्द कळायचा नाही, पण ते म्हणत, "आधी मूळ कानावर पडू दे." मग पुस्तक मिटून मराठीत सांगायला लागायचे. माणसांची नावं बदलायची नाहीत, गावांची नाही. तिकडे आडनाव आधी आणि नाव मागून लावतात, हे ऐकून हिराबाई म्हणाल्या होत्या, "म्हंजी आपल्या शाळेच्या हजेरीवानीच की." हिराबाई म्हणजे कोंडिबाच्या शेजारच्या रानाच्या मालकीण, नवरा मुंबईला, रान त्याच बघायच्या. तिकडची मिरचीची पूड लालभडक असते पण तिखट नसते, हे साहेबांनी सांगितलं तेव्हा मात्र त्यांना पटलं नाही. "मंग खायाची कशाला?" म्हणाल्या.

गोष्ट सांगताना साहेब मधेमधे थांबत. समोरून "मंग?" आलं की पुढे. नाही आलं तर तसेच बसून राहत, पेरू सोलत. आणि पाळी संपली की गोष्टही तिथेच थांबे. पुढचं कितीही विचारा, सांगायचे नाहीत. पुढच्या पाळीला पुढचं. एकदा गोष्टीतल्या पोरीला ताप चढलेला असताना पाणी बंद झालं, तर कोंडिबा आठवडाभर माझ्या मागे लागला होता, आवर्तन, म्हणजे पुढच्या पाळीचं पाणी, लवकर सोडा म्हणून. पिकासाठी नव्हे, पोरीसाठी. त्याच्या कांद्याला तेव्हा पाण्याची गरजसुद्धा नव्हती.

गोष्टींबरोबर लेखक आले. त्यांची नावं जिभेवर बसेनात म्हणून टेलच्या लोकांनी आपली नावं ठेवली. एक वॉचमन. हा जुन्या राजवटीत पिठाच्या गिरणीवर राखणदार होता आणि तिथे बसून लिहायचा. याचं एकेक वाक्य पानंच्या पानं चालतं, पूर्णविराम म्हणून येत नाही. चाळिशी उलटल्यावर पहिलं पुस्तक छापून आलं, मग जर्मनीत त्याचं भाषांतर झालं, तिकडे नाव झालं, आणि मग त्याच्या देशातल्यांनी मान दिला. दुसरा धाकटा. हा राजवट बदलल्यानंतरचा. पहिल्याच पुस्तकाला मोठं बक्षीस, फोटो, मुलाखती. पुढे काही सुचेना, तर साबणाच्या जाहिराती लिहायला लागला. हिराबाईंना ह्या धाकट्याची फार काळजी. दर पाळीला विचारायच्या, "लिवतोय का काय परत?" साहेब मान हलवायचे, आणि त्या चुकचुकायच्या.

आणि तिसऱ्या बाई, साहेबांना भाषा शिकवणाऱ्या. नुसतं बाई म्हटलं की कळायचं. राजवट बदलली, बंदी उठली, बाईंच्या दोन कादंबऱ्या छापून आल्या. पण तोवर सरकारी प्रकाशनं बुडाली होती. लोक पुस्तकं सोडून टीव्ही घेत होते. तरुण लेखकांना बाई जुन्या वाटत होत्या आणि जर्मनांना बाईंची खबर नव्हती. गोदामातल्या उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या. हे सगळं साहेबांनी सांगितलं. मग कोंडिबा खोकून म्हणाला, "म्हंजी आदी पाणी व्हतं तर गेट बंद. आन् गेट उघडलं तवा पाणी घेणारंच न्हाई." साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. पुढे कुणीही बाईंबद्दल विचारलं की साहेब हेच वाक्य सांगत, आणि कोंडिबाचं नाव घेऊन सांगत.

बाईंची पहिली कादंबरी साहेबांनी मराठीत उतरवली होती. दहा-बारा वर्षं घासून. एकदा मला घेऊन पुण्याला एका प्रकाशकाकडे गेले. प्रकाशक भला माणूस होता, चहा पाजला, चार पानं आमच्यासमोर वाचली. "साळवे, मराठी सुंदर आहे तुमची. पण ह्या बाईंना ओळखतं कोण? तुम्ही त्या दुसऱ्याचं आणा, जर्मनीत गाजतोय तो. उद्या आणलंत तर परवा छापतो." साहेबांनी बाड पिशवीत घातलं आणि नमस्कार केला. एसटीत मी त्यांच्यावर जाम चिडलो. म्हटलं, अहो साहेब, वॉचमनचं करा ना आधी, तुमचं नाव होऊ द्या, मग बाईंचं कोण अडवतो? ते खिडकीबाहेर बघत होते. राजगुरुनगर मागे पडलं. मग म्हणाले, "वॉचमनला कुणीही आणेल, दत्तूभाऊ. बाईंना मी नाही आणलं तर कोण आणणार?" मला ते तेव्हा पटलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही पटलेलं नाही. आपलाच माणूस, म्हणून राग येतो.

तर ते छापून काही आलं नाही. पण त्याच सुमाराला बाईंनी साहेबांना पत्राने कळवलं की आता लिहिणं थांबवलं. ऐकायला समोर कुणी नसताना बोलत राहणं वेडेपणाचं दिसतं.  साहेबांनी ते टेलला सांगितलं. त्यावर सगळ्यात जास्त चिडल्या हिराबाई. "कुनी न्हाई म्हंजी? आमी काय मेलो का काय?"

मग ठरलं की बाईंना कॅसेट पाठवायची. टेपरेकॉर्डर माझा. जांभळाखाली ठेवला, साहेबांनी आधी मूळ ओळी वाचून बाईंच्याच कादंबरीतला एक प्रसंग सांगितला, लोक नेहमीसारखे ऐकत होते, हसत होते, मधे "मंग?" म्हणत होते, कोंडिबा खोकत होता. अर्धी कॅसेट उरली. साहेब म्हणाले, आता तुम्ही बोला बाईंशी. इथे घोळ झाला. आमच्या लोकांना माइकसमोर बोलायचं म्हटलं की समोर सरकारी अधिकारीच दिसतो. प्रत्येकाने आधी नाव सांगितलं, मग गट नंबर, मग क्षेत्र, मग पीक. कोंडिबाने तर सरळ अर्जच केला: "बाईसायेब, आमच्या चारीला वरचे लोक पाइप टाकत्यात, तरी तुमी वर सांगून बंदोबस्त करावा." मी म्हटलं, हे पुसून परत करू. साहेब हसून हसून बेजार झाले होते, डोळे पुसत म्हणाले, "अजिबात नाही. असंच जाऊ दे."

उत्तर आलं ते कार्डावर, दोन ओळींचं. साहेबांनी वाचून दाखवलं. "लोक कुठल्या पानावर हसले ते मला समजलं. तो खोकणारा गृहस्थ कोण आहे?"

पुढे तीन-चार वर्षांनी बाईंची नवी कादंबरी आली. साहेबांचं ठाम मत होतं की ती कोंडिबाच्या खोकल्यामुळे आली. मला काही तसं वाटत नाही, पण कोंडिबाला सांगितल्यावर त्याने ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि त्यानंतर गोष्टीच्या वेळी तो जरा जपून खोकायला लागला.

तोवर साहेब निवृत्त होऊन आण्याला घरी गेले होते. तरी पाळी आली की एसटीने बेल्ह्यापर्यंत येत आणि तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर टेलला. आता दरवाजे राखायचं काम त्यांचं नव्हतं. नुसती गोष्ट सांगायला यायचे. नवी कादंबरी दोन बहिणींची होती, मार्गित आणि एर्झी. एकाच घरात राहतात, पण बापाच्या माघारी भांडण होऊन मधे भिंत घातलेली, भिंतीला एक दार, दाराला दोन्हीकडून कुलूप. वर्षानुवर्षं अबोला. विहीर तेवढी सामाईक. हे ऐकल्यावर आमच्या लोकांना पुढचं काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. ज्याच्या त्याच्या घरात एकेक अशी भिंत होतीच. थोरली मार्गित अंथरुणाला खिळते, भिंतीपलीकडून तिचं कण्हणं धाकटीला ऐकू येतं. धाकटी कुलपाची किल्ली शोधून काढते, दारापाशी येऊन उभी राहते. आणि पाळी संपली.

महिना-दीड महिना मोठा वाद झाला. कोंडिबाचं म्हणणं, एर्झी दार उघडणार नाही. "भावकीत कोन उघडतं?" हिराबाई म्हणत, किल्ली शोधली म्हणजे उघडणारच, नाहीतर शोधली कशाला. ह्यावरून दोघांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. आता पुढच्या आवर्तनाला निकाल लागायचा होता. साहेबांनी शेवटचा भाग वाचून ठेवला आहे असा निरोपही आला होता.

आणि आवर्तन सुटायच्या आठवड्यात साहेबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, आणि भाषा गेली. नारायणगावच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तर डॉक्टर सांगत होते की काहीतरी असंबद्ध बरळतायत. मी कॉटशेजारी दोन मिनिटं उभा राहिलो. म्हटलं, "डॉक्टर, हे बरळणं नाही. ही हंगेरियन आहे."

"तुम्हाला येते?"

"येत नाही. पण पंधरा वर्षं ऐकलीय."

मराठी पार पुसली गेली होती आणि ती दुसरी तेवढी राहिली होती. डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी, का होतं ते सांगता येत नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडलो. मला लाज वाटली नाही.

साहेबांना घरी आणल्यावर, बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी, टेलची मंडळी बैल उतरवून रिकाम्या झालेल्या एका टेम्पोतून आण्याला निघाली. कोंडिबा, हिराबाई, आणखी पाच-सहा जण आणि मी. गोष्टीचं कुणी तोंडातून काढलं नाही. आजारी माणसाला बघायला जायचं, बस.

साहेब ओसरीवर खुर्चीत होते. कॉलरचं बटण लावलेलं. त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनी लावलं असणार. आम्हाला बघताच ते बोलायला लागले, भराभर, डावा हात हलवत. सुमनवहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. साहेबांनी तांब्या बाजूला ढकलला. वहिनींनी उशी सारखी केली. साहेबांनी मान झटकली आणि परत बोलायला लागले.

"दिवसभर असंच चाललंय," वहिनी म्हणाल्या. जन्मभर शाळेत मुलांना शिकवलं त्यांनी. "काहीतरी मागतात, मला कळत नाही. पाणी देते, गोळी देते, पांघरूण देते. मग रागावतात. मग रडतात. काय हवंय ते एकदा कळू दे हो मला, मी कुठूनही आणीन."

कोंडिबा खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता, मान खाली घालून ऐकत. मग त्याने हात वर केला. "वयनी, जरा थांबा. मार्गित म्हनाले बगा. आता येर्झी म्हनाले." तो आणखी थोडं ऐकत राहिला. "ह्ये काय मागत न्हाईत वयनी. ह्ये सांगत्यात."

"काय सांगतायत?"

"गोष्ट. ऱ्हायलेली."

वहिनी खांबाला टेकून खाली बसल्या.  मग म्हणाल्या, "मी ह्यांची एकही गोष्ट ऐकलेली नाही. मी शाळेत, हे कालव्यावर. घरी यायचे ते दमून, जेवून झोपायचे. तुम्हाला माहीत असेल तर मला पहिल्यापासून सांगा."

मग आमच्या लोकांनी ती कादंबरी वहिनींना सांगितली. सुरुवात कोंडिबाने केली. "तर बुडापेष्टच्या खाली एक गाव व्हतं, आन् त्या गावात एका बापाच्या दोन लेकी." भांडण हिराबाईंनी सांगितलं, कारण कोंडिबा त्यात मार्गितची बाजू घेत होता. विहिरीचा भाग दुसऱ्या एकाने. साहेब गप्प झाले होते. कोंडिबाने एक प्रसंग गाळला तेव्हा त्यांनी डावं बोट वर केलं. कोंडिबा अडखळला, डोकं खाजवलं, मागे गेला आणि तो प्रसंग सांगून पुढे आला. साहेबांनी बोट खाली घेतलं. एका ठिकाणी सगळे हसले, साहेबही हसले, तोंड एका बाजूला ओढलं जात होतं तरी.

कोंडिबा दारापाशी आला. "येर्झीच्या हातात किल्ली हाय. पल्याड थोरली कन्हतीय. आन् ही हुबी."

"मग?" वहिनी म्हणाल्या.

कोंडिबाने साहेबांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

साहेबांनी घसा साफ केला आणि सुरू केलं. ती भाषा, आमच्यापैकी कुणालाही न कळणारी. पण आता घाई नव्हती, चिडणं नव्हतं. जांभळाखाली सांगायचे तसंच, सावकाश. मधेच थांबले की कोंडिबा हळूच "मंग?" म्हणे, आणि ते पुढे सरकत. हिराबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "उघडलं वाटतं." कोंडिबाने मागे वळून त्यांना गप्प केलं. उघडलं की नाही, मला आजही माहीत नाही. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला अंधाराच्या आत घाट उतरायचा होता. आम्ही कुणी जागचे हललो नाही.

बोलता बोलता साहेबांचे डोळे भरून आले आणि गालावरून पाणी ओघळलं. वहिनी ह्या वेळी काही आणायला उठल्या नाहीत. खुर्चीजवळ सरकल्या, त्यांचा निकामी हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "मग?"